वर्षाच्या साठवणीसाठी काच की प्लास्टिक?

उन्हाळ्यात भरून ठेवलेले धान्य, डाळी, तिखट, मसाले, लोणची आणि वाळवणे वर्षभर टिकतात की मध्येच नासतात, हे जसे पदार्थ किती वाळला आणि त्यात मीठ-तेल किती पडले यावर अवलंबून असते, तसेच ते तो कोणत्या भांड्यात ठेवला यावरही अवलंबून असते. या कामासाठी आज बाजारात मुख्यतः काच आणि प्लास्टिक हे दोन पर्याय मिळतात, आणि त्यांची चर्चा बहुधा ‘काच शुद्ध, प्लास्टिक घातक’ किंवा ‘काच फुटते, प्लास्टिक सोयीचे’ अशा सरसकट विधानांपाशी थांबते. ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. कारण झाकण सैल असेल तर उत्तम काचेच्या बरणीतील तिखटही विटते आणि प्लास्टिक योग्य जातीचे असेल तर त्याच्या पिंपात कडक वाळलेले गहू वर्षभर चांगले राहतात. म्हणून पदार्थाचा स्वभाव कसा आहे, तो किती काळ ठेवायचा आहे आणि साठवणीची जागा किती उष्ण किंवा दमट आहे, हे आधी पाहून मगच भांड्याचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.

पदार्थ बिघडतो कशाने?

साठवलेला पदार्थ बिघडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः पाच आहेत : हवेतील ऑक्सिजन, ओलावा, प्रकाश, उष्णता आणि कीड. ऑक्सिजनच्या संपर्कात स्निग्ध पदार्थांतील मेदाम्ले बदलतात आणि त्यांना खवट वास येतो. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि शेंगदाणे, तीळ, कारळे, सुके खोबरे व त्यांच्या चटण्या यांना तिचा सर्वाधिक उपद्रव होतो. ओलाव्यामुळे पापड-पोहे सादळतात, गुळाला पाणी सुटते आणि धान्याला बुरशी धरते. प्रकाशामुळे लाल मिरचीतील कॅरोटिनॉइड आणि हळदीतील कर्क्युमिन ही रंगद्रव्ये फिकी पडतात, शिवाय तेलाचे ऑक्सिडीकरणही वेग घेते. उष्णता या सगळ्याच क्रियांना गती देते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणूनच विदर्भातील पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवलेले शेंगदाणे त्याच घरातील खालच्या फडताळात ठेवलेल्या शेंगदाण्यांच्या कितीतरी आधी खवट होतात.

या झाल्या बाहेरून आत येणाऱ्या गोष्टी. उलट दिशेनेही एक देवघेव चालू असते, ती म्हणजे भांड्यातील घटक अन्नात उतरण्याची. तिला अन्नशास्त्रात स्थलांतरण म्हणतात, आणि पदार्थ जितका तेलकट, आंबट किंवा गरम असेल आणि जितका अधिक काळ भांड्यात राहील, तितके हे स्थलांतरण वाढते. त्यामुळे साठवणीच्या भांड्याकडून दोन अपेक्षा ठेवाव्या लागतात : बाहेरचे आत येऊ न देणे आणि स्वतःचे काही पदार्थाला न देणे. काच आणि प्लास्टिक यांची तुलना या दोन कसोट्यांवर करता येते.

काचेचे बळ आणि मर्यादा

बरण्या-बाटल्यांसाठी वापरली जाणारी नेहमीची काच सोडा-चुना काच म्हणून ओळखली जाते. तिच्यात ७० ते ७५ टक्के सिलिका, म्हणजे शुद्ध वाळूतील मुख्य द्रव्य, आणि उरलेल्या भागात प्रामुख्याने सोडा व चुना असतो. हे मिश्रण वितळून घट्ट झाले की त्यातून ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ आरपार जात नाही, तेल वा वास त्यात मुरत नाही आणि अन्नातील आम्लांचा त्यावर व्यवहारात जाणवेल असा परिणाम होत नाही. लोणच्याची बरणी स्वच्छ धुऊन वाळवली की तिच्यात पुढे साखर भरता येते, ती याच गुणामुळे.

काचेच्या मर्यादा तीन आहेत. पहिली वजनाची : काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते आणि भांड्याची भिंत जाड ठेवावी लागते, त्यामुळे मोठ्या साठ्याला ती गैरसोयीची होते. दुसरी प्रकाशाची : पारदर्शक काच प्रकाश मुक्तपणे आत येऊ देते, म्हणून तिखट-हळदीच्या बरण्या उघड्या मांडणीवर शोभून दिसल्या तरी तेथे त्यांचा रंग उतरतो, तपकिरी काच मात्र निळा व अतिनील प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. तिसरी मर्यादा तापमानाच्या धक्क्याची. साध्या काचेचा एक भाग एकदम तापून दुसरा थंड राहिला तर दोन्ही भागांच्या प्रसरणातील तफावतीमुळे ती तडकते, आणि यासाठी चाळीस-पन्नास अंशांचा एकाएकी पडलेला फरकही पुरेसा होतो. उकळता मुरांबा किंवा कढवलेले तूप थंड बरणीत ओतल्यावर तळ सुटून येतो, तो यामुळेच.

ही तिसरी अडचण बोरोसिलिकेट काचेत बरीच कमी होते. १८८०च्या दशकात जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी विकसित केलेल्या या काचेत सुमारे ८० टक्के सिलिका आणि १२-१३ टक्के बोरिक ऑक्साइड असते, आणि तापल्यावर ती साध्या काचेच्या जेमतेम एक-तृतीयांशाइतकीच पसरते. प्रयोगशाळेतील चंचुपात्रे आणि ओव्हनमध्ये चालणारी भांडी तिची केलेली असतात. कोरड्या साठवणीला तिची गरज नसते. गरम पदार्थ भरायचा असेल किंवा भांडे फ्रिजरमधून काढून तापवायचे असेल, तेथेच तिच्यावर जास्तीचा खर्च करावा. कोरीवकाम केलेल्या जड, लखलखीत स्फटिककाचेची गोष्ट निराळी आहे. पारंपरिक पूर्ण शिसेयुक्त प्रकारात २४ टक्के किंवा त्याहून अधिक लेड ऑक्साइड असते, म्हणून कोकमाचे आगळ, सरबत किंवा दुसरा कोणताही आंबट पदार्थ तिच्यात साठवू नये.

प्लास्टिक एक नव्हे, अनेक

प्लास्टिक हे एका द्रव्याचे नाव नसून लांब साखळीच्या रेणूंनी बनलेल्या अनेक द्रव्यांचे ते सामायिक नाव आहे. या साखळ्यांच्या फटींतून वायूंचे व वासाचे सूक्ष्म रेणू हळूहळू वाट काढतात. किती वेगाने, हे प्लास्टिकच्या जातीवर ठरते. साठवणीच्या भांड्यांत प्रामुख्याने तीन जाती आढळतात.

पहिली पेट, म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट. पाण्याच्या बाटल्या आणि दुकानात मिळणाऱ्या काचेसारख्या पारदर्शक बरण्या बहुधा पेटच्या असतात. ऑक्सिजन अडवण्यात ती पुढच्या दोन्ही जातींपेक्षा वीस पटींहून अधिक सरस असते, त्यामुळे डाळी, सुका मेवा, रवा यांना ती चांगली. मात्र ७० ते ७५ अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते. गरम पाण्याने धुतलेली बरणी वेडीवाकडी होते ती यामुळे. तिच्या निर्मितीत बहुतेक वेळा अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरलेले असते आणि उष्णतेने त्याचे स्थलांतरण वाढते, हेही गरम पदार्थ तिच्यात न भरण्याचे एक कारण आहे.

दुसरी जात एचडीपीई, म्हणजे उच्च घनतेचे पॉलिइथिलीन. दुधाळ, चिवट, पाण्याची वाफ उत्तम अडवणारे आणि थंडीतही न तडकणारे असे हे प्लास्टिक मोठी पिंपे, कॅन आणि फ्रिजरमधील डबे यांना योग्य ठरते. तिसरी जात पॉलिप्रॉपिलीन किंवा पीपी. सुमारे १६० अंशांपर्यंत ती वितळत नाही, ओलावा चांगला अडवते आणि वाकवूनही तुटत नाही, म्हणून डब्यांची बिजागरीची झाकणे तिची करतात. मात्र साधे पीपी गोठणबिंदूच्या आसपास ठिसूळ होते आणि फ्रिजरमधून काढलेला डबा हातून पडला तर फुटतो. एचडीपीई आणि पीपी ओलावा रोखतात, पण ऑक्सिजन व वास यांना फारसे अडवत नाहीत. हिंगाची डबी बंद असूनही कपाटभर वास दरवळतो, किंवा एकदा लोणचे भरलेल्या डब्याचा वास कितीही घासला तरी जात नाही, त्याचे कारण हेच. तेलात विरघळणारे सुगंधी रेणू प्लास्टिकच्या भिंतीत मुरतात. त्यात मसाल्याचा सुवास कमी होतो आणि डबा कायमचा वासाळतो.

याखेरीज तीन जातींबाबत सावध असावे. पॉलिस्टायरिन हे काचेसारखे चकाकणारे पण ठिसूळ प्लास्टिक तेलांपुढे टिकत नाही. लवंगेच्या तेलाने त्याच्यावर चिरा पडतात. पीव्हीसी मऊ करण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाची तेलसदृश द्रव्ये मिसळतात आणि ती तेलकट अन्नात सहज उतरतात. पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लास्टिक बिस्फेनॉल-ए या संयुगापासून तयार होते, ज्याचा शरीरातील संप्रेरकांच्या कार्यावर परिणाम होतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५च्या मानकानुसार बाळांच्या दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांत त्याला जागा नाही, आणि युरोपीय संघाने डिसेंबर २०२४मध्ये अन्नसंपर्कातील साहित्यात त्याच्या वापरावर बंदी घालणारा नियम संमत केला.

तळावरच्या खुणा कशा वाचाव्यात

डबा उलटा केला की तळावर बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ यांपैकी एक आकडा दिसतो. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिइथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे पॉलिकार्बोनेटसह उरलेली सर्व प्लास्टिके. ही पद्धत १९८८मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने पुनर्चक्रीकरणाच्या सोयीसाठी सुरू केली. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ते अन्नासाठी योग्य असल्याची हमी देत नाही. रंगाचा डबा आणि पिठाचा डबा दोन्ही ५ क्रमांकाचे असू शकतात; पण पहिल्यात मिसळलेले रंग, भराव आणि कदाचित वापरलेले जुने प्लास्टिक त्याला पिठासाठी अपात्र ठरवतात.

अन्नयोग्यतेसाठी वेगळी खूण पाहावी लागते. पेला आणि काटा यांचे चिन्ह हे युरोपीय नियमांतील अन्नसंपर्कयोग्यतेचे चिन्ह असून ते भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांवरही असते. भारतीय मानकांत अन्नसंपर्कातील पॉलिइथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० आणि पेटसाठी आयएस १२२५२ हे क्रमांक आहेत. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या वेष्टनविषयक नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा दर किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम इतकी आहे. तिची तपासणी आयएस ९८४५ या मानकानुसार पाणी, सौम्य आम्ल, अल्कोहोल आणि तेलसदृश द्रव यांच्यात ठरावीक तापमानाला ठरावीक काळ प्लास्टिक ठेवून केली जाते. ही मर्यादा ठरलेल्या परिस्थितीपुरती असते. डब्यात उकळते तेल ओतले किंवा आंबट लोणचे दोन वर्षे ठेवले, तर त्या परिस्थितीचे उत्तर तपासणीत मिळतेच असे नाही. याच नियमांनी अन्न साठवण्यासाठी व गुंडाळण्यासाठी वृत्तपत्राचा कागद वापरण्यास मनाई केली आहे, म्हणून डब्याच्या तळाशी रद्दी अंथरण्याची जुनी सवय सोडून द्यावी.

पदार्थानुसार निवड

लोणची, मुरांबे आणि आगळ. या पदार्थांत आम्ल, मीठ, साखर, तेल यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र येतात आणि ते महिनोन्‌महिने एकाच भांड्यात राहतात. त्यामुळे येथे काच किंवा अखंड झिलईची चिनी मातीची बरणी यांना पर्याय नाही. चिनी मातीच्या बरणीची झिलई आतून तडकलेली किंवा उडालेली असेल, तर तेल-मीठ मातीत मुरते आणि झिलईतील घटकही उतरू शकतात. अशी बरणी कोरड्या वस्तूंसाठी ठेवावी. लोणचे टिकण्यामागे त्याचा आंबटपणा असतो. आम्लतेचा निर्देशांक, म्हणजे पीएच, ४.६च्या खाली असला की विषारी बोट्युलिनम जिवाणूची वाढ होत नाही, आणि वर आलेला तेलाचा थर बुरशीला हवा मिळू देत नाही. म्हणून मोठी बरणी वारंवार उघडण्याऐवजी महिन्याचे लोणचे छोट्या भांड्यात काढून घ्यावे. हे छोटे भांडे चांगल्या पीपीचे असले तरी चालते, कारण त्यातला मुक्काम थोड्या दिवसांचा असतो.

तिखट, हळद आणि मसाले. यांना प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्हींपासून जपायचे असते. तपकिरी काचेच्या किंवा पारदर्शक असल्यास बंद कपाटात ठेवलेल्या लहान बरण्या सर्वांत उत्तम. वर्षाचा चार-पाच किलो मसाला एकाच बरणीत न भरता दोन-तीन महिन्यांना पुरेल अशा आकाराच्या बरण्यांत काठोकाठ, दाबून भरावा. कारण बरणी अर्धी झाली की उरलेल्या जागेत हवा राहते आणि प्रत्येक उघडण्याने ताजा ऑक्सिजन आत जातो. वर-खाली हिंगाचे खडे ठेवण्याची रीत चालू ठेवायला हरकत नाही, पण ती घट्ट झाकणाची जागा घेऊ शकत नाही. हिंग मात्र स्वतः काचेतच ठेवावा.

तेल आणि तूप. घाण्याचे तेल महिन्याहून अधिक काळ ठेवायचे असेल तर ते गडद काचेच्या बाटलीत किंवा स्टीलच्या डब्यात ठेवावे आणि बाटली शक्यतो गळ्यापर्यंत भरावी. पाण्याच्या वापरलेल्या बाटल्यांत तेल भरू नये. साजूक तूप कढवल्यावर कोमट होऊ द्यावे आणि मग पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत गाळावे. पेटच्या बरणीत गरम तूप ओतणे बरणीला आणि तुपाला, दोन्हींना अपायकारक आहे.

गहू, तांदूळ, डाळी आणि कडधान्ये. येथे मात्र प्लास्टिकचे पारडे जड ठरते. ५० किलो गव्हांना सुमारे ६५ लिटर जागा लागते, म्हणजे पाच लिटरच्या तेरा काचेच्या बरण्या. इतक्या वजनाची आणि फुटण्याची जोखीम पत्करण्याचे कारण नसते, कारण वाळलेले धान्य आंबट नसते, तेल सोडत नाही आणि त्याचे बहुतांश दाणे भिंतीला टेकतही नाहीत. रबरी कडे असलेल्या अन्नयोग्य एचडीपीई किंवा पीपीच्या पिंपात ते उत्तम राहते, मात्र त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आलेला हवा. दाताखाली दाणा दबला न जाता कडकन फुटला, तर तो पुरेसा वाळला असे समजावे. हवाबंद भांडे कोरडेपणा निर्माण करत नाही. आत गेलेला ओलावा ते फक्त कोंडून ठेवते. न वाळलेले शेंगदाणे असे कोंडले तर त्यांच्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते, आणि ते भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही.

कीड रोखण्यासाठीही घट्टपणा उपयोगी पडतो. धान्यातील पोरकिडे व सोंडे श्वासोच्छ्वासाने भांड्यातील ऑक्सिजन संपवतात आणि नवा मिळाला नाही की मरतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी विकसित केलेली तीन थरांची पिशवी याच तत्त्वावर चालते : आत पॉलिइथिलीनची दोन अस्तरे आणि बाहेर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे पोते. त्यावरून हे दिसते की धान्याच्या बाबतीत प्लास्टिकची जाडी आणि तोंडाची घट्ट बांधणी नेमकी असली, तर औषधाशिवायही कीड आटोक्यात राहते. एरंडेल चोळलेली डाळ प्लास्टिकमध्ये ठेवता येते, पण तो डबा पुढे डाळीसाठीच राखावा. रवा, बेसन, मैदा यांसारख्या लहान साठ्याला भरण्यापूर्वी उणे १८ अंशांच्या फ्रिजरमध्ये बंद पिशवीत किमान चार दिवस ठेवले तर किड्यांची अंडी मरतात. नंतर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड पिठावर बाहेरच्या हवेतील बाष्प जमते. हातसडीचा किंवा बिनपॉलिशचा तांदूळ कोंड्यातील तेलामुळे काही महिन्यांतच खवट होऊ लागतो, म्हणून तो कोणत्याही भांड्यात वर्षभर ठेवण्याचा आग्रह धरू नये.

वाळवणे. पापड, कुरडया, सांडगे, पोह्याचे पापड यांचा शत्रू ओलावा असतो आणि कोकणातील पावसाळ्यात हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही. हलक्या पण जागा अडवणाऱ्या या पदार्थांना मोठ्या तोंडाचे पीपी किंवा एचडीपीईचे डबे सोयीचे. मिठाचे प्रमाण अधिक असलेले सांडगे आणि भरलेल्या मिरच्या पत्र्याच्या डब्याला गंज चढवतात, तो प्रश्न येथे उद्भवत नाही. सोडे, सुकट, बोंबील यांच्यासाठी मात्र वासामुळे काचच घ्यावी, नाहीतर प्लास्टिकचे डबे कायमचे त्यांच्या नावे करावेत.

गोठवलेले पदार्थ. आमरस, मटारदाणे, खोवलेले खोबरे फ्रिजरमध्ये ठेवताना पाणी गोठल्यावर सुमारे ९ टक्के फुगते, हे लक्षात घ्यावे. काचेची बरणी घेतल्यास ती खांदे नसलेली, सरळ भिंतीची असावी आणि वर किमान एक इंच जागा मोकळी सोडावी. सामान्य घराला या कामी एचडीपीईचे किंवा थंडीसाठी बनवलेल्या पीपीचे डबे अधिक निर्धोक ठरतात.

झाकण : भांड्याचा निम्मा भाग

काचेतून काही आरपार जात नाही हे खरे असले, तरी झाकणातून जाते. आट्याच्या पत्र्याच्या झाकणाला आतून जो मऊ पांढरा थर असतो, तो बहुधा पीव्हीसीचा असतो आणि त्यात प्लास्टिसायझर मिसळलेले असते. तेल सतत त्याला टेकत राहिले तर काच निवडण्याचा हेतू काही अंशी फसतो. शिवाय मीठ आणि आंबटपणा पत्र्याच्या कडा गंजवतात. म्हणून लोणच्याची बरणी उभी ठेवावी, पदार्थ आणि झाकण यांच्यात दोन बोटे अंतर राखावे आणि झाकण काचेचे, सिलिकॉनच्या कड्याचे किंवा पीपीचे निवडावे. बरणीच्या तोंडाला स्वच्छ सुती दादरा बांधण्याची पद्धत मुरत असलेल्या लोणच्याला योग्य आहे, कारण त्या काळात वायू बाहेर पडण्यास वाट लागते. मुरल्यानंतर मात्र दादऱ्यावरून घट्ट झाकण बसवावे. तारेच्या कमानीने दाबून बसणाऱ्या काचेच्या झाकणांतील रबरी कडे दोन-तीन वर्षांत कडक होते, म्हणून ते सुटे विकत मिळते का, याची चौकशी खरेदीच्या वेळीच करावी.

घेताना आणि घेतल्यावरची तपासणी

काचेची बरणी घेताना ती उजेडाकडे धरून फिरवावी. भिंतीत अडकलेले खडे, मोठे बुडबुडे किंवा एका बाजूला पातळ झालेला तळ दिसला तर ती परत करावी. तोंडाच्या कडेवरून मऊ कापडाचा तुकडा फिरवावा; कापडाचा धागा कोठे अडकला तर तेथे काच उडालेली असते आणि झाकण तेथे कधीही नीट बसणार नाही. प्लास्टिकचा डबा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवावा आणि उघडताच वास घ्यावा. उग्र वास येणारा डबा अन्नासाठी वापरू नये. क्रमांक पुसलेल्या जुन्या डब्याची जात ओळखायची असेल तर त्याचा छोटा तुकडा पाण्यात टाकावा : पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पेट आणि पॉलिस्टायरिन बुडतात. ही चाचणी जात सांगते, अन्नयोग्यता नव्हे, म्हणून खत, साबण, रंग किंवा रसायने आलेली पिंपे कितीही स्वच्छ दिसली तरी धान्याला घेऊ नयेत.

झाकणाची परीक्षा कागदाच्या पट्टीने होते. बोटभर रुंदीची पट्टी तोंडाच्या कडेवर आडवी ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सरकून आली तर त्या जागी फट आहे, फाटून आली तर कडे घट्ट बसले आहे. तोंडाच्या चारही बाजूंना ही परीक्षा करावी, कारण झाकण बहुधा एकाच बाजूला उचललेले असते.

निगा आणि आयुष्य

काचेच्या बरण्या निर्जंतुक करण्यासाठी पातेल्यात फडके अंथरून त्या गार पाण्यातच ठेवाव्यात, पाणी हळूहळू तापवून १० मिनिटे उकळू द्यावे आणि बरण्या त्याच पाण्यात निवू द्याव्यात. त्यानंतर कडक उन्हात पालथ्या न ठेवता तोंड वर करून वाळवाव्यात, म्हणजे आतील वाफ कोंडून राहत नाही. प्लास्टिकचे डबे कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने धुवावेत. तारेच्या घासणीने पडणाऱ्या चऱ्यांत तेल व जिवाणू घर करतात आणि तेथूनच प्लास्टिक झिजू लागते. हळदीचा पिवळा डाग काही तास उन्हात ठेवल्याने विटतो, परंतु मुरलेला वास जात नाही.

काचेची बरणी तडा जाईपर्यंत किंवा तोंडाची कड उडेपर्यंत वापरता येते. प्लास्टिकच्या डब्याला मात्र वय असते. तो धुरकट झाला, चिकट लागू लागला, आतून चऱ्यांनी भरला किंवा दाबल्यावर बारीक पांढऱ्या रेषा दिसू लागल्या, की त्याला अन्नाच्या कामातून निवृत्त करावे; अवजारे, बी-बियाणे, शिवणसाहित्य ठेवण्यास तो पुढे चालतो. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव आणि भरल्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी असावी आणि आधी भरलेले आधी संपवावे. ही शिस्त नसेल तर महागातले भांडेही उपयोगी पडत नाही.

खर्चाचा क्रम

सर्व साठवण एकदम काचेत हलवणे बहुतेक घरांना परवडत नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. पहिला खर्च लोणची, मुरांबे, आगळ आणि तूप यांच्या काचेच्या बरण्यांवर करावा, कारण तेथे तेल, आम्ल आणि दीर्घ काळ हे तिन्ही घटक एकत्र येतात. त्यानंतर तिखट, मसाले, हिंग आणि तेलबियांच्या चटण्या काचेत न्याव्यात. त्यांना लहान बरण्या पुरतात, आणि जाम-मधाच्या मोकळ्या झालेल्या बरण्या नवे झाकण लावून येथे कामी येतात. डाळी, रवा, सुका मेवा पेटमध्ये, गहू-तांदूळ एचडीपीई किंवा पीपीच्या पिंपात आणि वाळवणे मोठ्या तोंडाच्या डब्यांत निर्धास्त ठेवावीत. पैसे कमी असतील तर नवी भांडी घेण्याआधी असलेल्या भांड्यांची सैल झालेली कडी आणि झाकणे बदलावीत. साठवणीत होणारे बरेचसे नुकसान तेवढ्यानेच टळते.